डबीत उरलेला साचा

१

सोमवारी सकाळचा चहा झाल्यावर सोनुबाईने देवळीतली पत्र्याची डबी काढली, झाकण उघडलं आणि ती तशीच बसून राहिली. डबीत कानाचं मशीन नव्हतं. सुनेने शिवलेली गळ्यात अडकवायची कापडी पिशवी होती, आणि पिशवीखाली कानात बसवायचा गुलाबी साचा. बाकी डबी रिकामी.

कळंबच्या बाजूच्या गावांत सोनुबाईला सगळे ओळखत. ती धवलारीण होती. हळद लावण्यापासून सून घरात येईपर्यंत लग्नाच्या एकेका विधीला गाणं लागतं, आणि ते सोनुबाईने सुरू केल्याशिवाय बायका तोंड उघडत नसत. पण गेली काही वर्षं तिला ऐकू येईनासं झालं होतं. ती ओळ म्हणायची, बायका मागून उचलायच्या, आणि त्यांची ओळ संपायच्या आत हिची पुढची सुरू व्हायची. बायका हसायच्या नाहीत, पण एकमेकींकडे बघायच्या. शेवटी एका लग्नात तिने मधेच गाणं थांबवलं आणि पुढे कुणाकडे गेलीच नाही.

आता मोठ्या मुलाच्या, विठूच्या मुलीचं, हिरूचं लग्न पुढच्या आठवड्यात होतं. या लग्नात आजीनेच गायचं, असा हिरूचा हट्ट. म्हणून मशीन आणलं होतं. महिनाही झाला नव्हता.

अंगणात मांडवाचे बांबू आणून टाकणारी माणसं होती, शेजारच्या दोन बायका तांदूळ निवडत होत्या. विठू घरातून बाहेर आला आणि सगळ्यांसमोर बायकोला म्हणाला, "कोंडे, मशीन कुठं हाय?"

"डबीत. आनखी कुठं असंल?"

"डबीत नाय. घरात तूच असतेस." मग जे बोलायला नको होतं ते तो बोलला. "आईला सगळं ऐकू यायला लागलं, ते तुला जड झालं का?"

तांदूळ निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. कोंडीने नवऱ्याकडे पाहिलं, मांडीवरचं सूप खाली ठेवलं आणि ती आत गेली. दुपारी ती जेवायला बसली नाही.

सोनुबाईला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं, पण तिने चेहरे पाहिले. तिने हिरूला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "जा, हवाबीला बोलावून आन."

२

हवाबी खोत ही कळंबच्या दवाखान्यातली निवृत्त नर्स. पंचक्रोशीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे तिच्यासमोर खोटं बोलायला लोकांना अवघड जायचं. हरवलेली म्हैस, दिवस गेलेली पोर, दवाखान्यातून नाहीशी झालेली औषधं, असल्या गोष्टी लोक पोलिसांआधी तिच्याकडे नेत. ती आरडाओरडा करत नसे. समोर बसायची, पान जमवायची, आणि विचारत राहायची.

या मशीनशी तर तिचा स्वतःचाच संबंध होता. ते निवडायला सोनुबाई आणि तिचा धाकटा मुलगा पदू यांना घेऊन तीच मुंबईला गेली होती. पदू रसायनीच्या एका कारखान्यात कामाला, राहायला मोहोपाड्याच्या कॉलनीत. पैशांचा भार त्यानेच उचलला होता.

सरकारी इस्पितळात सोनुबाईचे कान तपासून झाले आणि ते कागद घेऊन तिघं दुकानात गेले. दुकानदाराने आधी कानामागे बसणारं परदेशी मशीन दाखवलं. चिंचोक्याएवढं, दिसायला सुरेख, आणि किंमत अशी की एक बैल आला असता. मग हवाबीने आपले प्रश्न सुरू केले. याचे सेल कर्जतला मिळतात का? बिघडलं तर कुठं न्यायचं? सोनुबाईच्या भात लावून जाड झालेल्या बोटांना हे बटण फिरवता येईल का?

दुकानदार प्रामाणिक निघाला. त्याने ते मशीन आत ठेवलं आणि देशी बनावटीचं दुसरं काढलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं खोकं, त्यातून निघालेली वायर, वायरीच्या टोकाला कानात घालायची चकती. पेन्सिल सेलवर चालणारं. बटण मोठं. सोनुबाईला ते लावून दुकानाच्या दारात उभं केलं, तेव्हा रस्त्यावरच्या कुल्फीवाल्याची घंटी ऐकून ती वळली. हवाबी म्हणाली, "हेच."

"गोंगाटात चालतं का हे?" पदूने विचारलं. "म्हंजे लय आवाज असंल तिथं?"

"गोंगाटही मोठाच करतं," दुकानदार म्हणाला. "लग्नात वाजंत्र्यांपासून लांब बसवा."

कानाच्या मापाचा साचा तयार व्हायला वेळ लागणार होता. तोपर्यंत वापरायला त्याने लहानमोठी रबरी बोंडं कागदाच्या पुडीत बांधून दिली. ती कुणाच्याही कानात बसतात, नीट नाही पण बसतात. मग त्याने मशीन चालू आहे की नाही हे ओळखायची युक्ती दाखवली. बटण चालू करून खोकं आणि चकती एका मुठीत धरली, तशी मशीनने कानठळ्या बसवणारी शिट्टी मारली. हवाबीने आणि शेजारच्या गिऱ्हाइकाने कानांवर हात ठेवले. सोनुबाई दुकानातली रंगीत तसबीर बघत होती. पदू दुकानदाराच्या मुठीकडे बघत उभा होता. मूठ उघडल्यावर त्याने विचारलं, "रोज आसंच करून बघायचं का?"

हे सगळं आठवत हवाबी सोनुबाईच्या ओटीवर डबी पुढे घेऊन बसली होती. तिने साचा उचलला, पिशवी झटकली, डबी उपडी केली.

"विठू," ती म्हणाली, "मशीन विकायला नेलेलं नाही."

"कशावरनं?"

"विकणारा डबीसकट नेतो, सगळं नेतो. हा साचा तुझ्या आईच्या कानाचा आहे, दुसऱ्या कुणाच्या कानात शिरणार नाही. नेणाऱ्याला ते ठाऊक होतं, म्हणून त्याने तो काढून ठेवला. आणि रबरी बोंडांची पुडी या डबीत होती, मी स्वतः ठेवली होती. ती नेली आहे." तिने डबी बंद केली. "ज्याने नेलं त्याला ते स्वतःच्या नाहीतर आपल्या माणसाच्या कानात घालायचं होतं."

३

कोंडी मागच्या पडवीत चुलीसाठी काटक्या मोडत होती. हवाबी तिच्यासमोर पाट ओढून बसली.

"सिस्टर, तुमी पण तेच इचारायला आलाव?"

"नाही. ती पिशवी तू शिवलीस ना?"

"व्हय. लुगड्याला घासलं की मशीन खरखरतं म्हनून आतनं मऊ फडकं लावलं."

"जिला मशीन नको असतं, ती त्याला मऊ फडकं कशाला लावेल," हवाबी म्हणाली. "ते मला कळलं आहे. काल दुपारचं सांग. घरी कोण कोण होतं?"

कोंडीचे डोळे भरून आले, पण तिने काटकी मोडली आणि सांगायला लागली. रविवार म्हणून पदूभावजी आले होते. नणंद जनी लग्नाच्या कामासाठी दोन दिवस आलेली होती, ती शिळफाट्याला दिलेली. जेवणं झाल्यावर सोनुबाईने मशीन काढून डबीत ठेवलं आणि ती आडवी झाली. विठू हिरूला घेऊन कर्जतच्या बाजाराला गेला होता. जनी शेजारी आमंत्रण द्यायला गेली. कोंडी भांडी घासत होती.

"काही वेगळं दिसलं? ऐकलं?"

"ऐकलं." कोंडीने मान वर केली. "रातकिडा ओरडतो तसा बारीक आवाज येत व्हता. दुपारचा कसा रातकिडा, म्हनून मी हात धुवून बगायला गेले. ओटीवरनं येत व्हता. खुंटीला दोन पिशव्या अडकवल्या व्हत्या, वन्संची आनि भावजींची, तिथनं. भावजी खालीच पेपर वाचत बसले व्हते."

"मग?"

"तेवढ्यात दूध उतू गेलं, मी पळाले. परत आले तवर वन्सं पन आल्या व्हत्या आनि दोघं पिशव्या घेऊन एस्टीला निगाले. मग आवाज नव्हता."

हवाबीला दुकानातली शिट्टी आठवली. बटण चालू असलेलं मशीन आणि त्याची चकती एकत्र कोंबली की शिट्टी वाजते. म्हणजे मशीन त्या दोनपैकी एका पिशवीत होतं.

"कोंडे, जनीच्या सासूला ऐकू येतं का गं?"

"गोदूबाईंना?" कोंडी हळूच म्हणाली. "छे. पार बहिऱ्या हायेत."

४

दुसऱ्या दिवशी हवाबी खोपोलीला उतरून चालत शिळफाट्याला गेली. जनीच्या नवऱ्याचं नाक्यावर किराणा दुकान होतं, मागे घर. दुकानाच्या पायरीवर जनीची सासू गोदूबाई ऊन खात बसली होती. तिच्या डाव्या कानात काहीतरी पांढरं दिसत होतं.

हवाबी जवळ जाऊन वाकली. कापूस होता, तेलात भिजवलेला.

जनीने तिला आत नेऊन चहा दिला. मशीनचं ऐकून ती पाटावर टेकलीच. तिला अजून कुणी कळवलं नव्हतं.

"सिस्टर, माज्या मनात आलं व्हतं, खोटं नाय बोलत. आईला मशीन लावलेलं बगितलं, आनि वाटलं, आमच्या आत्याबाईंना पन असंच पाहिजे. मालकांना मी परवाच बोलले. पन आईचं उचलून कशी आनीन?"

"तुझी पिशवी दाखवशील?"

जनीने पिशवी आणून उपडी केली. कैऱ्या, एक लुगडं, आमंत्रणाच्या अक्षता.

"एस्टीत काही आवाज आला होता?"

"आला की. शिट्टीवानी. डिक्सळच्या पुढं रस्ता चांगला हाय, गाडी गप चालते, तवा तर चांगलाच येत व्हता. मी म्हटलं कुनाची पिपानी वाजते का काय. पुढच्या बाकावरच्या मानसानं पन वळून बगितलं."

"पिशव्या कुठं होत्या?"

"मांडीवर. माजी माज्या, पदूदादाची त्याच्या."

"दादा काय म्हणाला?"

"तो खिडकीतनं बगत व्हता. मी त्याला म्हटलं, दादा, आवाज कसला रं? तो म्हनला, 'व्हय, पुलाचं काम चाललंय.'" जनी कैऱ्या परत पिशवीत भरू लागली. "हल्ली तो असाच करतो. इचारावं एक, बोलतो भलतंच. मोहोपाड्याची वयनी पन म्हनते, घरात बोलत नाय, रागावल्यासारखा असतो. काय बिनसलंय कुनास ठाऊक."

हवाबीने कप खाली ठेवला. तिला दुकानातला तो क्षण दिसला. मूठ, शिट्टी, कानांवर गेलेले हात. आणि शिट्टी वाजूनही न दचकलेली दोन माणसं. एक सोनुबाई.

"जनी," ती म्हणाली, "मोहोपाड्याला जायला आता गाडी आहे का?"

५

पदू पहिल्या पाळीवरून आला होता आणि क्वार्टरच्या मागे सायकलची साखळी बसवत होता. हवाबी त्याच्या पाठीमागे, चार हातांवर जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पदू, मी आले आहे."

तो साखळीशी खटपट करत राहिला. तिने पुन्हा हाक मारली. मग ती वळसा घालून त्याच्या समोर आली, तेव्हा तो दचकून उठला.

"सिस्टर, तुमी? कवा आलाव?"

"आत्ताच. दोन वेळा हाक मारली."

पदूने तिच्या ओठांकडे पाहिलं, मग खाली, आणि हातांचं काळं तेल फडक्याला पुसत राहिला. दोघं शेवग्याच्या झाडाखाली बाजेवर बसली. ती मुद्दाम त्याच्या समोर बसली.

"मी तुला सांगते, चुकलं तर थांबव," ती म्हणाली. "परवा दुपारी तू डबीतून मशीन काढलंस. साचा तुला उपयोगाचा नाही हे तुला माहीत होतं, तू सोबत होतास. रबरी बोंड लावून तू ते कानात घालून बघत होतास, तेवढ्यात कुणीतरी येतंयसं वाटलं. तू घाईने पिशवीत कोंबलंस आणि बटण तसंच राहिलं. ते वाजायला लागलं. कोंडीने ऐकलं, जनीने ऐकलं, एस्टीतल्या परक्या माणसाने ऐकलं. एवढ्या जणांत ज्याच्या मांडीवर पिशवी होती त्यालाच ऐकू आलं नाही. ऐकू येणाऱ्या चोराने पहिल्यांदा बटण बंद केलं असतं."

पदू उठला, आत गेला आणि रुमालात गुंडाळलेलं मशीन घेऊन आला. ते त्याने तिच्या हातात दिलं.

"येत्या रविवारी परत ठेवनार व्हतो."

"ते मला माहीत आहे. केव्हापासून आहे हे?"

"बारा वर्सं कॉम्प्रेसरच्या धडधडत्या खोलीत हाय मी. सुरवातीला घरी आल्यावर कानात गुणगुण व्हायची, झोपलं की जायची. मग जायची बंद झाली." तो सावकाश बोलत होता, हे सगळं पहिल्यांदाच बोलत असल्यासारखा. "दिवाळीत जोडीदारानं वरडून सांगितलं व्हाल्व बंद कर. मला वाटलं चालू कर. मी चालू केला. तो उडी मारून बाजूला झाला म्हनून वाचला. त्यानं कुनाला सांगितलं नाय. पन मला झोप नाय. सायबाला कळलं तर नोकरी जाईल, नोकरी गेली का ही खोली जाईल. आनि नाय सांगितलं तर एखाद दिवशी मानूस मरंल माज्या हातनं."

"म्हणून तू दुकानात गोंगाटाचं विचारलंस."

"व्हय. काल लपवून लावून कामावर गेलो. आत पाय टाकला आनि डोक्यात घन घातल्यासारखं झालं. लगेच काढलं." त्याचा चेहरा थोडा सैल झाला. "पन घरी लावलं, सिस्टर. आमची धाकटी पाढे म्हनत व्हती. ती र ला ल म्हनते. एवढी बोलायला लागली, आनि मला कालपर्यंत ठावं नव्हतं."

हवाबीने मशीन रुमालात परत गुंडाळलं.

"कॉम्प्रेसरच्या खोलीत कानाचं कुठलंच मशीन चालणार नाही," मग ती म्हणाली. "तिथून तू आधी बाहेर पड. कान तपासून घेऊ, डॉक्टरचं लिहून घेऊ आणि सायबाकडे मी स्वतः तुझ्याबरोबर येते. स्टोअरमध्ये, गेटवर, कुठंतरी शांत जागी बदली मागू. देतील की नाही ते मी सांगू शकत नाही. पण ते व्हायच्या आधी दुसरं काम आहे."

"आईला सांगायचं."

"आईचं नंतर. विठूने भर अंगणात कोंडीवर आळ घेतला आहे. दोन दिवस ती धड जेवलेली नाही."

पदू ताडकन उभा राहिला. हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. हवाबीने ते पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं, कारण आपण नीट ऐकलं नसावं अशी त्याचीच आशा होती.

६

दुसऱ्या दिवशी पाळी बदलून घेऊन पदू हवाबीबरोबर कळंबला आला. मांडवाचे खांब रोवून झाले होते, वर छपराला झापं चढवत होते. तांदूळ निवडणाऱ्या त्याच दोन बायका ओटीच्या कडेला बसल्या होत्या.

पदूने कुणाला बाजूला घेतलं नाही. तो सरळ कोंडीसमोर जाऊन उभा राहिला.

"वयनी, मशीन मी नेलं व्हतं. मला ऐकू येत नाय. लाजेनं सांगितलं नाय कुनाला. तुमच्यावर येईल असं वाटलं नव्हतं." त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला.

विठू झापाचा भारा तसाच डोक्यावर धरून उभा होता.

कोंडीने पदूला उठवलं. "केवढं मोठं ओझं एकट्यानं वागवलंत, भावजी," ती म्हणाली. "आत चला, चहा ठेवते."

सोनुबाईने दरम्यान हवाबीकडून मशीन घेऊन साचा चकतीला बसवला होता, तो कानात घातला होता आणि मशीन कापडी पिशवीत ठेवून पदराखाली घेतलं होतं. तिने धाकट्याला शेजारी बसवून घेतलं. मग तिने त्याचा कान बोटांनी चाचपून पाहिला, लहानपणी दुखायचा तेव्हा पाहायची तसा.

"पुढल्या खेपंला हवाबीसंगं तू जा," ती म्हणाली. "बैलाच्या किमतीचं नको. माज्यासारखं घे. सेल दोघांना एकच चालतील."

चहा झाला. पदू विठूच्या मदतीला मांडवावर चढला. कोंडी भांडी उचलत होती तेव्हा विठू तिच्या जवळ गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "झालं ना आता मिटलं? जेवून घे."

"भावजींनी नेलं ते मी कवाच इसरले," कोंडी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी इचारलंत, ते कसं इसरू? अंगनात इचारलंत. चार मानसांत."

ती आत गेली. विठू थोडा वेळ मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला. तांदूळ निवडणाऱ्या बायका मान खाली घालून निवडत होत्या, पण सुपात आता खडा उरला नव्हता. शेवटी त्याने टोपी काढली आणि दाराकडे तोंड करून, बांबूवाल्यांनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "कोंडे, माजं चुकलं. तुज्यावर आळ घ्यायला नको व्हता."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

सोनुबाईने ओटीवरून मुलाकडे पाहिलं आणि कानाला हात लावला.

"काय म्हनलास रं? मला नाय ऐकू आलं. मोठ्यानं बोल."

विठूने घसा साफ केला आणि पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्याने, सगळं वाक्य म्हटलं. रस्त्याने जाणारा एक गाडीवानही थांबून बघायला लागला. कोंडी दारात आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि पदर तोंडाशी नेला.

हवाबी सोनुबाईच्या अगदी शेजारी बसली होती. तिने पदराआड डोकावून मशीनचं बटण पाहिलं. ते पुरतं चालू होतं. तिने तो पदर पुन्हा सारखा केला आणि पान जमवायला घेतलं.